काटा थांबला तर

हौशी : काका, गेल्या फेब्रुवारीत मालवणच्या समुद्रात स्कूबा करताना १४ मीटर खोलीवर माझ्या हवेच्या सिलिंडरचा प्रेशर गेज अडकला. त्या दिवसापासून मी ठरवलं, की पाण्यात जाताना जिवाशी संबंध असलेली प्रत्येक वस्तू दोन-दोन न्यायची. सामान भाड्याचं होतं. उतरले तेव्हा काटा २०० बारवर होता, मग नीट खाली येत येत १२० वर आला. मी कपारीतला एक गोब्रा मासा बघत थांबले. पुन्हा गेज पाहिला, १२०. थोड्या वेळाने पाहिला, तरी १२०. आणि त्या वेळी मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं! आज आपला श्वास किती संथ चाललाय, असं वाटलं. दहा मिनिटं होऊन गेल्यावर माझी ट्यूब पेटली. काचेवर टिचकी मारली, तर काटा एकदम ८० वर आला. एका टिचकीत ४० बार गेले. मी बडीला, म्हणजे माझ्या जोडीदाराला, गेज दाखवला, हात हलवून ‘गडबड आहे’ अशी खूण केली, ‘वर चल’ म्हणून अंगठा वर केला आणि आम्ही दोघं वर आलो. काही झालं नाही. पण तो १२० चा आकडा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून पुढच्या वेळी मनगटावर ट्रान्समीटरवाला कॉम्प्युटर, कमरेला काट्याचा गेज, आणि बाजूला स्वतंत्र रेग्युलेटरसह तीन लिटरचं छोटं सिलिंडर. तुम्ही तीस वर्षं बॉयलरवर काढलीत. दुसऱ्या कुणाला नाही पटलं तरी तुम्हाला हे पटायला हवं.

साशंक : अर्धं पटतं. तुझ्या गोष्टीत मला जे दिसलं ते आधी सांगतो. तुला दुसऱ्या गेजने वाचवलं नाही, तो तुझ्याकडे नव्हताच. दहा मिनिटांत काटा हलायलाच हवा, हे तुला माहीत होतं, म्हणून तू वर आलीस.

आमच्याकडे बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दोन काचा असतात. दोन असाव्यात असा नियमच आहे. पण एलबीएस रोडच्या कारखान्यात मी लागलो तेव्हा माझ्या वरिष्ठांनी पहिल्या दिवशी मला दुसरी काच दाखवली नाही. पहिल्या काचेतलं पाणी दाखवलं आणि विचारलं, हे पाणी काय करतंय? मी म्हटलं, काही नाही, थोडं थरथरतंय. ते म्हणाले, थरथरतंय तोवर ती काच जिवंत आहे. ज्या दिवशी पाणी शांत दिसेल त्या दिवशी घाबर. काचेकडे जाणारा रस्ता गाळाने चोंदला की आतलं पाणी जिथल्या तिथे अडकतं. बॉयलर रिकामा होत असतो आणि काच मात्र अर्धी भरलेली दिसते. म्हणून प्रत्येक पाळीला दोन्ही काचा ब्लोडाऊन करायच्या, पाणी निघून जातं का आणि परत चढतं का ते बघायचं. दोन काचा असूनही ज्याने हे केलं नाही, त्याच्याकडे दोन चोंदलेल्या काचा असतात.

तुझ्या गेजमध्ये आणि माझ्या गेजमध्ये आतली वस्तू एकच आहे, बोर्डन ट्यूब. फ्रान्सच्या बूर्दोंने १८४९ साली पेटंट घेतलं ती. वाकवलेली चपटी नळी दाबाने सरळ व्हायला बघते आणि काटा फिरवते. आत खारं पाणी शिरलं, दातेरी चाक गंजलं, काटा तबकडीला घासला, की तो थांबतो. थांबताना तो शून्यावर जात नाही, जिथे आहे तिथेच थांबतो. रेल्वेचा सिग्नल बिघडला तर लाल राहतो. घाटकोपरला गाडी खोळंबते, माणसं वैतागतात, पण गाडीवर गाडी जात नाही. तुझा गेज बिघडतो तेव्हा हिरवा राहतो. हा खरा दोष. त्यावर आणखी एक तसाच गेज लावणं हा मला उपाय वाटत नाही.

हौशी : तसाच नाही ना लावत मी. ट्रान्समीटरमध्ये बोर्डन ट्यूब नसते, इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो. तो बिघडतो तो वेगळ्या तऱ्हेने. बॅटरी जाते, मनगटावरच्या कॉम्प्युटरशी जोडणी तुटते, आणि मग पडद्यावर आकड्याऐवजी रेघा येतात. म्हणजे तुमच्या भाषेत तो बहुतेक वेळा लाल होतो. दोन साधनं वेगवेगळ्या कारणांनी बिघडणारी असली, तर दोन्ही एकाच वेळी खोटं बोलण्याची शक्यता फार कमी.

आणि दुसरं. गेज बिघडणं आणि हवा जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी पाण्यात शिकले. काटा मेला तरी श्वास चालू असतो. गेजकडे जाणारी हाय प्रेशरची नळी फुटली तर बुडबुड्यांचा मोठा लोट उठतो, नवखा माणूस घाबरून जातो. पण सिलिंडरवर बसवलेल्या फर्स्ट स्टेजमधलं त्या नळीचं भोक टाचणीच्या टोकाएवढं ठेवलेलं असतं, हवा हळू जाते आणि वर यायला वेळ मिळतो. त्यामानाने लो प्रेशरची नळी फुटली तर सिलिंडर फार लवकर रिकामं होतं. तेव्हा गेज कितीही चांगला असला तरी तो हवा देत नाही. हवा छोटं सिलिंडरच देतं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातले ९४७ हौशी डाइव्हरांचे मृत्यू तपासले. २००८ साली त्यांचा अहवाल आला. ज्या मृत्यूंत सुरुवात कशाने झाली ते ठरवता आलं, त्यांतल्या ४१ टक्क्यांत सुरुवात हवा संपण्याने झाली होती. एवढं मोठं कारण समोर असताना तीन लिटर जास्त घेऊ नको, असं कसं म्हणता?

साशंक : त्याच अहवालात साधनं बिघडल्याचा आकडा वेगळा दिला असेल.

हौशी : आहे. १५ टक्के.

साशंक : मग बघ. हवा संपलेले जवळजवळ तिप्पट. त्यांतल्या बहुतेकांचे गेज चालू असणार. काटा खाली येत होता आणि माणूस त्याच्याकडे बघत नव्हता, किंवा बघून ‘अजून पाच मिनिटं’ म्हणत होता. जो एका गेजकडे बघत नाही, त्याला दुसरा देऊन काय होणार? आता छोट्या सिलिंडरबद्दल बोलू. पंतनगरला आमच्याकडे पूर्वी गॅसचा एकच सिलिंडर होता. गॅसच्या टाकीला तुझ्यासारखा गेज लावूनही उपयोग नसतो. आत द्रवरूप गॅस असतो, तो संपत येईपर्यंत दाब जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून तुझी काकू सिलिंडर लावला की कालनिर्णयवर त्या तारखेला पेनने ‘सि.’ लिहायची. पाहुणे येऊन गेले, दिवाळीचा फराळ झाला, की त्यातून मनातल्या मनात चार दिवस कापायची. संशय आला तर ओलं फडकं टाकीवरून फिरवायची. जिथवर गॅस आहे तिथवर ओल जास्त वेळ टिकते. एवढ्या वर्षांत आमचा गॅस अचानक गेला नाही. मग डबल सिलिंडर आला. कालनिर्णयवरचा ‘सि.’ बंद झाला. पहिला संपला की दुसरा लावायचा, नंबर उद्या लावू, परवा लावू. आणि एका संकष्टीला, चंद्रोदयाच्या तोंडावर, मोदक चुलीवर असताना दोन्ही टाक्या रिकाम्या. चूक काकूची नव्हती. नंबर लावायचं काम माझं होतं. दुसरी टाकी आली आणि माझं लक्ष गेलं.

हौशी : काकूंनी मग दुसरा सिलिंडर परत केला का?

साशंक : नाही.

हौशी : मग माझंही तेच म्हणणं आहे. काकूंचा हिशेब चालायचा, कारण घरात रोज तेवढ्याच पोळ्या होत होत्या. तुमच्या बॉयलरवरचा भारही ठरलेला. पाण्यात तसं नसतं. शांत असताना मी मिनिटाला साधारण १६ लिटर हवा घेते. १४ मीटरवर दाब २.४ बार, म्हणजे मिनिटाला ३८ लिटर. सिलिंडर ११ लिटरचं, तेव्हा काटा मिनिटाला साडेतीन बारने उतरायला हवा. दहा मिनिटांत ३५. हे गणित मला येत होतं म्हणून मी सावध झाले, ते कबूल. पण पुढचं ऐका. बोटीवर आल्यावर त्या सिलिंडरला दुसरा गेज लावला, तर ४५ बार उरले होते. ८० खरे धरले, तर वर येण्यात आणि पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या थांब्यात ३५ बार गेले. हिशेब केला, तर माझा श्वास केवढा तरी वाढला होता. नेहमीच्या दुपटीहून जास्त. मला वाटत होतं मी शांत आहे! प्रवाह असेल, पाणी थंड असेल, बडी दिसेनासा झाला असेल, तर श्वास दुप्पट-तिप्पट होतो आणि आपल्याला कळतही नाही. म्हणजे ज्या क्षणी तुमचा मनातला हिशेब लागतो, नेमका त्याच क्षणी तो चुकतो. त्या हिशेबाच्या भरवशावर मी कुणाला पाण्यात पाठवणार नाही.

छोट्या सिलिंडरचं गणित मात्र घाबरलेल्या माणसासाठीच करतात. तीन लिटरमध्ये २०० बार, म्हणजे ६०० लिटर. घाबरलेला माणूस ४० लिटर घेतो असं धरू. २० मीटरवर एक मिनिट सावरण्यात गेलं, १२० लिटर. मिनिटाला नऊ मीटरच्या वेगाने वर यायला सव्वादोन मिनिटं, सुमारे १८०. पाच मीटरवर तीन मिनिटं, आणखी १८०. एकूण ४८०. पुरतं. कागदावरच पुरतं असं नाही, भीती धरून पुरतं. याउलट हातात मावणाऱ्या ज्या बाटल्या मिळतात त्यांत ८५ लिटरच्या आसपास हवा असते. २० मीटरवर त्या एक मिनिटही चालत नाहीत. त्या घेण्याला मी दिखावा म्हणेन.

साशंक : तुझं हे गणित मला आवडलं. आणि मनातला हिशेब भीतीत चुकतो, हेही मान्य करावं लागेल. मी त्याला जास्त मान देत होतो. पण त्याचं काम काय हे जरा तपासू. काकूचा ‘सि.’ टाकीत किती किलो उरलाय हे कधीच सांगत नव्हता. आता संशय घ्यायची वेळ झाली, एवढंच सांगायचा. ओलं फडकं त्यानंतर. तुझं ३५ बारचं गणितही ‘८५ उरले’ हे सांगायला नको. काटा १२० वर का, एवढा प्रश्न त्याने उभा केला की त्याचं काम झालं. प्रश्न उभा राहिला की डाइव्ह संपली. मग ८० होते की ६०, याला महत्त्व नाही.

हौशी : इथे आपण एका बाजूला आलो. गेजवर संशय आला की वर यायचं, हे मला शिकवलंय आणि मी ते पाळते.

साशंक : एक गेज असताना पाळलंस. दोन असतील तेव्हा? काटा १२० म्हणतोय, मनगट ९० म्हणतंय. तेव्हा तू वर येशील, की मनगट नवं आहे, ते खरं धरू, म्हणून पुढे जाशील? आणि बाजूला ते छोटं सिलिंडर असेल. बॉयलर तपासायला सरकारी इन्स्पेक्टर यायचे, ते स्वतःचा गेज घेऊन यायचे. आमच्या पाइपावर त्यासाठी वेगळी जोडणी ठेवावी लागायची. त्यांचा आणि आमचा आकडा जुळला नाही, तर कोणाचा खरा यावर वाद घालून काम चालू ठेवता यायचं नाही. दुसरा गेज असा हवा. कामाचा आकडा देण्यासाठी नको, थांबवण्यासाठी हवा. माझी भीती एवढीच आहे, की माणूस राखीव वस्तू घेतो ती थांबण्यासाठी आणि वापरतो ती पुढे जाण्यासाठी.

हौशी : माणसाच्या हातात काही न देण्याचा प्रयोगही होऊन गेलाय. कुस्तो आणि गान्याँ यांचं अ‍ॅक्वालंग १९४३ चं. त्यानंतर कितीतरी वर्षं बहुतेक डाइव्हर पाण्यात गेजशिवाय जात. सिलिंडरला ‘जे-व्हॉल्व’ असे. हवा कमी झाली की स्प्रिंग वाट अडवायची, श्वास ओढायला जड जायचा. मग पाठीमागची सळई खाली ओढायची, राखीव हवा मिळायची आणि वर यायचं. वाचायचं काही नाही, हिशेब नाही, मोह नाही. तुम्हाला हवं तसंच.

साशंक : हे आमच्या फ्यूजिबल प्लगसारखं झालं! भट्टीच्या माथ्यावर बसवलेला, मऊ धातू भरलेला प्लग. पाणी खाली गेलं की धातू वितळतो, वाफ आगीवर येते आणि आग विझते. माणूस झोपला असला तरी चालतं. फक्त प्लगवर क्षाराचा थर बसला तर तो वेळेवर वितळत नाही.

हौशी : ‘जे-व्हॉल्व’चंही तसंच व्हायचं. सळई कुठेतरी अडकून आधीच खाली आलेली असायची. राखीव हवा नकळत वापरून झालेली. श्वास जड झाला, हात मागे गेला, सळई आधीच खाली. म्हणून जग गेजकडे आलं. कुठलंच साधन स्वतःहून आपली काळजी घेत नाही, हे दोघांच्याही धंद्यात एकाच तऱ्हेने कळलं.

पण तुमच्या ‘वर ये’ला एक मर्यादा आहे. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाकडे आली. सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात ती बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं, अशी योजना. अशा जहाजाच्या पोटात शिरल्यावर डोक्यावर पाणी नसतं, पोलाद असतं. तिथे गेज अडकला तर सरळ वर येता येत नाही. आधी आलेल्या वाटेने बाहेर यावं लागतं. फ्लोरिडाच्या पाण्याखालच्या गुहांत डाइव्ह करणाऱ्या शेक एक्सलेने १९७९ मध्ये एक पुस्तिका लिहिली. अपघात तपासून त्याने नियम मांडले. एक तृतीयांश हवा आत जायला, एक तृतीयांश बाहेर यायला, एक तृतीयांश संकटासाठी. राखीव साधनांशिवाय तिथे जाणं हा आत्मघात आहे.

साशंक : हा एक्सले आता कुठे आहे?

हौशी : १९९४ साली मेक्सिकोतल्या सकाटोन नावाच्या खोल विवरात डाइव्ह करताना वारला. तीनशे मीटरचं लक्ष्य होतं.

साशंक : मी त्या माणसाला नावं ठेवत नाही. त्याच्या नियमांनी अनेकांचे जीव वाचले असतील. पण तुझ्या पहिल्या वाक्यापासून बघ आपण कुठून कुठे आलो. १४ मीटरवरच्या अडकलेल्या काट्यासाठी तू छोटं सिलिंडर घ्यायला निघालीस, आणि अर्ध्या तासात आपण जहाजाच्या पोटात पोचलो. १४ मीटरवर बडीचा ऑक्टोपस, म्हणजे त्याच्या सिलिंडरवरचा जादा रेग्युलेटर, तुला पुरेसा होता. त्याच्या सिलिंडरमधली हवा हीच तुझी राखीव हवा. तो हाताच्या अंतरावर राहिला, एवढं साधन तिथे बास आहे.

हौशी : राहिला तर. गढूळ पाण्यात बडी तीन मीटर लांब गेला की नसल्यासारखाच. हवा नसताना ते तीन मीटर पोहून दाखवा म्हणजे कळेल. आणि घाबरून श्वास रोखून वर सुटलं, तर दहा मीटरवरून पृष्ठभागापर्यंत येईतो छातीतली हवा दुप्पट फुगते. फुप्फुस फाटतं. बडीचा ऑक्टोपस मी मानते, पण तो दुसऱ्या माणसाच्या लक्षावर टांगलेला आहे. तुम्हीच म्हणालात, लक्ष जातं.

साशंक : मग मे महिन्यात आपल्या सोसायट्यांमधून बसगाड्या भरून जी माणसं मालवणला जातात, त्यांचं काय? पोहता येत नाही, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाच-सात मीटरवर इन्स्ट्रक्टर मागून धरून नेतो, पंधरा मिनिटांत फोटो काढून वर. त्यांच्या पाठीवरच्या सिलिंडरला गेज आहे हेही त्यांना ठाऊक नसतं.

हौशी : त्यांच्यासाठी राखीव साधन म्हणजे इन्स्ट्रक्टर. त्याने तो गेज पाहायचा, त्याच्याकडे जादा ऑक्टोपस हवा, आणि एका माणसाने एकालाच न्यायचं. तिथे काटकसर झाली तर माझी सगळी गणितं फुकट आहेत. तारकर्लीला महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे, नीट शिकायची सोय जिल्ह्यातच आहे. मे २०२२ मध्ये तिथे स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले, ते तर पाण्यावरच. लाइफ जॅकेट हेही राखीव साधनच.

साशंक : त्याबद्दल वाद नाही. इन्स्ट्रक्टरला ‘गेज दाखवा’ म्हणायची लाज पर्यटकांनी सोडली पाहिजे.

हौशी : आणि दाखवताना त्याने रेग्युलेटरमधून दोन-तीन श्वास घ्यावेत. तेवढ्यात काटा श्वासागणिक खाली डुलला, तर सिलिंडरचा व्हॉल्व पूर्ण उघडलेला नाही. वर तो २०० दाखवेल आणि खोलवर गेल्यावर श्वास अडेल. इथे मात्र हलणारा काटा वाईट, काका. तुमच्या काचेच्या उलट.

साशंक : हे मला नवीन आहे. म्हणजे केव्हा हलायला हवा आणि केव्हा नको, हे माहीत असलं तरच काटा वाचता येतो.

हौशी : मी छोटं सिलिंडर नेणार आहे. १८ मीटरच्या आतल्या बुड्यांनाही. ते आहे म्हणून एक मीटर खोल जाणार नाही आणि एक मिनिट जास्त थांबणार नाही. दोन आकडे जुळले नाहीत तर कोणता खरा ते बोटीवर बघेन.

साशंक : हे तू आज म्हणतेस, घाटकोपरला बसून. तीन वर्षांनी, ‘गुलदार’च्या दाराशी म्हणशील का, ते मला माहीत नाही, तुलाही नाही. माझी हरकत त्या दारापाशी अजून उभी आहे. बाकी ने ते सिलिंडर. आणि एक कर. पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हाच स्वतःचा गेज घे आणि सप्टेंबरात डेडवेट टेस्टरवर तपासून आण. दाब काढून घेतल्यावर काटा शून्यावर टेकतो का ते आधी घरी बघ. दहावर थांबत असेल, तर तो गेज पाण्यात नेऊ नकोस.